रक्तच्छाया

रक्तच्छाया लाल आली. पोहायला शिकवणारे इंगवले वस्ताद शस्त्रक्रियेसाठी सकाळपासून उपाशीपोटी बसले होते, आणि सर्जन डॉ. मृणाल देवकुळे यांनी त्यांना घरी जायला सांगितलं. वस्तादांना आधी वाटलं, यंत्रच बिघडलं असणार.

पण कोल्हापुरातल्या त्या रुग्णालयात यंत्र बिघडत नसे. पूर्वी ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी ढीगभर रक्ततपासण्या होत. धडधाकट माणसाच्या बाबतीत त्यांतून बहुधा काहीच निघत नसे आणि शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे होई. मग रक्तच्छाया आली. रक्ताच्या दोन थेंबांवरून संगणक त्या माणसाचं अख्खं शरीर उभं करी आणि त्या छायेवर तीच शस्त्रक्रिया हजारो वेळा करून पाही. सगळ्या छाया जगल्या तर हिरवा दिवा. मूठभर जरी दगावल्या तरी लाल, आणि लाल माणसाला हात लावायचा नाही असा कायदा. वीसेक वर्षांत ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत एकही माणूस गेला नव्हता. सगळे त्याचा केवढा तोरा मिरवत! परत पाठवलेल्यांचं पुढे काय झालं, हे मात्र कोणी विचारत नव्हतं.

वस्तादांच्या पित्ताशयात खडे होते. कळ उठली की ते तलावाच्या पायरीवर मटकन बसत. तुमचं रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून काही छाया रक्तस्रावाने गेल्या, असं डॉक्टरांनी समजावलं. बाकीच्या जगल्या ना, असं वस्तादांनी विचारलं. जगल्या, बऱ्याच जगल्या.

"पूर्वी माझ्यासारख्यांचं काय करायचे?"

"पोट उघडायचे. रक्त आलंच तर सर्जन बोटाने दाबून धरायचे, टाका घालायचे. बहुतेक वाचायचे."

"मग तुम्ही धरा की, मॅडम."

डॉक्टर म्हणाल्या, "मला ते येत नाही. मी फक्त हिरव्या दिव्याची माणसं उघडलीत. गाड्या स्वतः चालायला लागल्यापासून अपघातही राहिले नाहीत. ज्यांना येत होतं, ते आता नाहीत."

वस्ताद म्हणाले, "मी पोरांना बुडणाऱ्याला काढायला शिकवतो. बुडायचं सोंग करणारं पोर शहाण्यासारखं हात देतं. खरा बुडणारा गळ्यालाच मिठी मारतो. ते एकदा अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. माझ्यावर शिका. सही देतो मी."

डॉक्टरांना हो म्हणावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची भीतीही वाटली. कायदा आडवा आला याचं त्यांना मनातून बरंच वाटलं. तेलकट खाऊ नका, एवढं सांगून त्यांनी वस्तादांना वाटेला लावलं.

दिवाळीच्या फराळानंतर वस्तादांना उचलूनच आणावं लागलं. पित्ताशय सडून फुटलं होतं. कायदा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपुरता होता. ही तातडीची होती, त्यामुळे ना छाया, ना दिवा. दुसरा सर्जनही नव्हता.

डॉक्टरांनी पोट उघडलं. यकृताच्या खालून रक्त भरून येऊ लागलं. संगणकातल्या छायांवर शिकताना जिथे दाबायच्या, तिथेच त्यांनी बोट ठेवलं, पण छायेतलं रक्त गरम नव्हतं, निसरडंही नव्हतं. हे बोटाच्या दोन्ही बाजूंनी वर येतच राहिलं. त्यांनी मान वर करून भूलतज्ज्ञाकडे पाहिलं, मग नर्सकडे. आता काय करायचं, हे विचारायला ते दोघंही त्यांच्याकडेच पाहत होते.