दुसरा आवाज

काम अगदी साधं होतं. माझी बहीण हेल्वी हिचा खिशात मावेल असा प्लेअर होता. ती गेल्यावर तिच्या नवऱ्याला, ओइवाला, त्यातली गाणी घरच्या संगणकावर उतरवून हवी होती.

"जन्मभर नगरपालिकेत संगणकावर बसलीस तू," फोनवर तो म्हणाला. "मला यातलं ओ का ठो कळत नाही, इर्या."

मी तिच्या दफनालाही गेले नव्हते. तरुणपणी आम्ही दोघी तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवांत जोडीनं गायचो. ती मुख्य आवाज, मी दुसरा. हेलसिंकीहून रेकॉर्ड काढणारा माणूस आला, तेव्हा "धाकटीचा गळा गेलाय" असं त्याला सांगून ती एकटीच रेकॉर्ड करायला निघून गेली. तेव्हापासून मी तिची पायरी चढले नाही.

आता ती नव्हती, म्हणून गेले. नोव्हेंबर होता. दुपार सरली नाही तोच अंधार पडला. तळं अजून पुरतं गोठलं नव्हतं, काठचा कोवळा बर्फ आतल्या आत कण्हत होता. घरात बर्चच्या लाकडांच्या धुराचा आणि तिच्या लोकरी कपड्यांचा वास कोंडला होता.

"बस की तुझ्या नेहमीच्या खुर्चीत." ओइवानं वेलदोडा घातलेला पाव पुढे सरकवला. "आवाज किती बसलाय तुझा! सर्दी का?"

मी गळ्यावरचा रुमाल तसाच ठेवला. काही वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर मी अशी घोगरीच बोलते. गाणं तर कायमचं सुटलं. त्याला ते कुठून कळणार? पण नेहमीची खुर्ची...? म्हातारा दुःखानं भ्रमिष्ट झालाय, असं मनाशी म्हणत मी तार जोडली.

प्लेअरमध्ये विकतचं एकही गाणं नव्हतं. सगळी हेल्वीनं घरीच गाऊन त्यात भरलेली. तारखा गेल्या हिवाळ्याच्या. एकेक गाणं संगणकावर उतरू लागलं. नीट येतंय का बघावं म्हणून मी एक लावलं.

हेल्वीचा थकलेला, कापरा आवाज आला. पुढच्या ओळीला त्याच्याखाली दुसरा आवाज अलगद शिरला.

तो माझा होता. भरदार, स्वच्छ. ऑपरेशनच्या आधीचा माझा आवाज.

"हे... कधीचं?" मी कसंबसं विचारलं.

"असेल एखाद्या शनिवारचं. मी जाळी टाकायला गेलो की तू यायचीस ना! एकदा खिडकीतून पाठमोरी दिसलीस, पण मी आत आलो नाही. म्हटलं, बहिणी-बहिणींचं जमतंय, आपण कशाला मध्ये तडमडा?"

गाणं संपलं होतं, पण ध्वनिमुद्रण पुढे चालूच होतं. पेल्यांची किणकिण. मग हेल्वी म्हणाली, "इर्या, तेव्हा फार नीच वागले गं मी तुझ्याशी."

आणि माझा आवाज म्हणाला, "जाऊ दे. मी कधीच विसरले ते."

मी विसरले नव्हते! तिनं माझं सगळं नेलं, हा राग तेवढा माझा उरला होता. आणि कुणीतरी माझा गळा वापरून, माझ्या नावानं, तो रागही परस्पर सोडून दिला होता. हेल्वी सुटून गेली होती.

सगळं पुसून टाकावं म्हणून मी हात पुढे केला. ओइवा डोळे पुसत होता. "त्या एका वाक्यावर ती शांत गेली, इर्या. तुझे उपकार कसे फेडू?"

मी हात मागे घेतला. कोट चढवला आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"गंमत बघ... गाणी लावली, तर त्यात हेल्वी ऐकूच येत नाही. नुसती तूच. आणि गाता गाता मध्येच थांबून... जेवलास का, म्हणून विचारतेस मला."

"ओइवा, बंद कर ते! ती मी नाही. मी कधी आलेच नव्हते तिकडे..."

"काय? नीट ऐकू येत नाही गं तुझं... इथे बघ, किती स्पष्ट बोलतेयस!"

फोन ठेवला गेला.

मी तशीच गाडी काढली. तळ्याला वळसा घालून त्याच्या दारात पोचले आणि दार ठोठावलं. ओइवानं उघडलं. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट, चेहऱ्यावर तजेला. त्याच्या मागे टेबलावर संगणक बंद होता, तारा काढून गुंडाळून ठेवलेल्या.

तो माझ्याकडे बघत राहिला.

"कोण हवंय आपल्याला?"

"अरे, मी... इर्या."

"काहीतरी घोटाळा होतोय आपला, बाई," तो अदबीनं म्हणाला. "इर्या आत आहे."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. भरदार, स्वच्छ. "कोण आलंय रे?"

"कुणी नाही. घर चुकलीय एक म्हातारी."

"मग अशी थंडीत का उभी ठेवलीस तिला? घे ना आत... बिचारी गारठली असेल."

माझ्याच आवाजात एवढी माया मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती.