नाण्याच्या कडेचा निळा

शुक्रवारी सकाळी वहिनींच्या पुढच्या खोलीत पारखी येऊन बसले आणि पाण्याच्या ग्लासाला हातही न लावता म्हणाले, "माझ्या नाण्यावर कुणीतरी रंग चढवलाय. कुणी, तेही मला माहीत आहे. तुम्ही फक्त पुरावा द्या."

"मग माझं निम्मं काम तुम्हीच केलंत," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी वीस वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातच चौकशीचं ऑफिस थाटलं आणि मदतीला धाकट्या दिराला घेतलं. गाडी चालवणं आणि चुकीचे निष्कर्ष काढणं ही दोन्ही कामं भाऊजी मन लावून करत.

पारखी हे नाणेसंग्राहक मंडळाचे परीक्षक. चांदीच्या जुन्या नाण्यावर हवेतल्या गंधकामुळे हळूहळू रंगाची झाक चढते. आधी सोनेरी, मग जांभळट, मग निळी. ती सुंदर असली की संग्राहक त्या नाण्यासाठी जीव टाकतात, आणि म्हणूनच काही लबाड लोक धुरी देऊन किंवा तापवून तीच झाक चार दिवसांत आणतात. झाक आपोआप आलेली की आणलेली, हा निकाल मंडळात चाळीस वर्षं पारखीच देत आले होते.

आता बिघडलं होतं ते त्यांचं स्वतःचं, सगळ्यांत लाडकं नाणं. त्यांनी ते डबीतून काढलं, सवयीने उजव्या डोळ्याला भिंग लावलं आणि तोंड कडू झाल्यासारखं करून नाणं बाजूला ठेवलं. दोन महिन्यांपूर्वी कड तपकिरी होती. मध्यंतरी ते दवाखान्यात गेले, नंतर महिनाभर डॉक्टरांनी वाचन आणि भिंग दोन्ही बंद केलं, म्हणून नाणं घड्याळजींच्या तिजोरीत ठेवलं. परत आलं ते कडेला निळंशार होऊन. इतका फरक आपोआप पडायला कित्येक वर्षं जावी लागतात, असं ते म्हणाले.

घड्याळजी म्हणजे घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारा त्यांचा शिष्य. परवा रविवारी, मंडळाच्या सभेत, पारखी आपली जागा त्याला देणार होते.

"आता त्याच सभेत त्याला मंडळातून काढायला सांगणार," पारखी म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं शिकवलं हो त्याला. पोटच्या मुलाला दिलं नाही ते याला दिलं." बोलता बोलता ते डबीचं झाकण उगीचच उघडमिट करू लागले.

वहिनींनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. मग विचारलं, की रंगाखेरीज ते आणखी काय पाहतात. पारखी लगेच सावरले; आवडीचा विषय निघाला होता. खरी झाक एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाते, ते म्हणाले, आणि उठावाच्या अक्षरांपाशी येऊन जरा बिचकते. आणलेली झाक मधले रंग गाळते आणि अक्षरांवरून बेधडक पुढे जाते. शिवाय चढलेला रंग आपण होऊन उतरत नाही. पुसून काढला तर चांदीची मूळ चमक जाते आणि ती लपत नाही.

"या नाण्याची चमक?"

"चमक शाबूत आहे. हल्ली तर मला पूर्वीपेक्षा बारीक दिसतं."

"आणि अक्षरांभोवती पाहिलंत?"

"निळा दिसला, तिथेच विषय संपला. आणखी पाहायचं कशाला?"

वहिनींनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

दुपारी दोघं पारखींच्या घरी गेले. सूनबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात हे कळताच भाऊजींनी वहिनींना कोपराने ढोसलं. वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही. नाण्याबद्दल सूनबाईंना फारसं ठाऊक नव्हतं, पण सासऱ्यांबद्दल सांगण्यासारखं बरंच साठलं होतं. दूध पाणचट, निळसर दिसतं म्हणून त्यांनी दूधवाला बदलला. नवा दूधवालाही त्यांना लबाड वाटतो. पांढऱ्या शर्टांना नीळ फार घालतेस म्हणून रोज बोलणी. नीळ तर त्यांच्या घरात कधी आणलीच नव्हती. तेवढ्यात मोबाइलचा गजर झाला आणि त्या सासऱ्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालून आल्या.

"पुढच्या महिन्यात पुन्हा दवाखाना आहे," त्या म्हणाल्या. "आता घड्याळजींशिवाय त्यांना कोण राजी करणार? पहिल्या वेळीसुद्धा दोन वर्षं मागे लागले होते ते. आमचं काही चाललं नाही."

निघताना वहिनींनी पारखींची नोंदवही मागून घेतली. भाऊजी गाडी चालवत असताना त्यांनी त्या नाण्याच्या दोन नोंदी मोठ्याने वाचल्या. बावीस वर्षांपूर्वीची: मधे सोनेरी, मग जांभळट, कडेला मोरपंखी निळा. तीन वर्षांपूर्वीची: मधे पिवळट, मग तांबूस, कडेला तपकिरी.

"आलं लक्षात," भाऊजी म्हणाले. "कुणीतरी मधे निळा पुसला आणि आता परत चढवला."

"पुसला असता तर चमक गेली असती. आणि निळा काढून तपकिरी, तपकिरी काढून निळा, हा उद्योग कोण कशाला करेल?"

"माणसांना छंद असतात, वहिनी."

घड्याळजींचं दुकान एका टेबलाएवढं होतं. नाणं महिनाभर डबीसकट तिजोरीत होतं, आणि दिलं तसंच परत केलं, एवढंच त्यांनी सांगितलं. गुरुजी आपल्याला लबाड म्हणतात हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचं नाव नव्हतं, दुःख मात्र उघड दिसत होतं.

भाऊजींनी घड्याळाचा पट्टा बदलायचं निमित्त काढलं होतं. घड्याळजींनी पट्ट्यांसाठी खण उघडला, तर आत कागदी पाकिटांची एक पेटी. वहिनींनी पाहू का म्हणून विचारलं, आणि घड्याळजींनी क्षणभर थांबून पेटी पुढे केली. पाकिटांत अकरा नाणी होती. साचलेल्या पाण्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे भडक रंग. भाऊजींनाही ती खोटी वाटली, म्हणजे बघा. प्रत्येक पाकिटावर पारखींची सही होती आणि शेरा होता: नैसर्गिक. सगळ्यात जुनी तारीख सहा वर्षांपूर्वीची होती.

"ही मी लोकांकडून परत विकत घेतली," घड्याळजी म्हणाले. "त्याहून जास्त सांगणार नाही, बाई. मंडळातून काढलं तरी चालेल."

गाडीत बसताच भाऊजींनी प्रकरण मिटवून टाकलं. हा माणूस नाणी रंगवतो, गुरूकडून शेरा मिळवतो आणि विकतो.

"शेरा मिळाल्यावर विकली का नाहीत मग? सहा वर्षं खणात ठेवायची कशाला?"

"मंदी असेल," भाऊजी म्हणाले.

शनिवारी सकाळी सगळे पारखींच्या खोलीत जमले. खिडकीतून स्वच्छ ऊन आलं होतं. वहिनींनी घड्याळजींनाही बोलावलं होतं. ते पेटी घेऊन दाराशीच उभे राहिले. पारखींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"काका, भिंग घ्या," वहिनी म्हणाल्या. "आज डाव्या डोळ्याला लावा."

"डाव्याने मी कधी पाहत नाही."

"म्हणूनच."

पारखींनी कुरकुरत उजवा डोळा झाकला, डाव्याला भिंग लावलं आणि नाणं उन्हात धरलं.

"काय दिसतंय?"

"तपकिरी." त्यांनी भिंग उजव्या डोळ्याला लावलं. "निळा." पुन्हा डावा, पुन्हा उजवा. तिसऱ्या खेपेला त्यांनी भिंग खाली घेतलं.

"नाण्याला कुणी हात लावलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "बावीस वर्षांपूर्वी कड निळी होती, हे तुमच्याच अक्षरात आहे. मग ती तपकिरी झाली, मग परत निळी. रंग आपण होऊन उतरत नाही हे तुम्हीच सांगितलंत. पुसलेलाही नाही, कारण चमक शाबूत. नाणं बदललं नाही, तर पाहणारा बदलला असणार. मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग मंदावतो. हे इतकं हळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी तुमच्या उजव्या डोळ्यातलं ते पिवळं भिंग काढून नवं, स्वच्छ बसवलं. दूध तेच, शर्ट तेच, नाणं तेच. डावा डोळा अजून जुनाच आहे, तो पुढच्या महिन्यात."

सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे माझी निळीतून सुटका." आणि भाऊजी मोठ्याने हसले.

पारखींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते उजव्या डोळ्याने नाण्याची अक्षरं पाहत होते, काल जे पाहायचं राहिलं होतं ते. "बिचकलाय," ते पुटपुटले. "प्रत्येक अक्षराशी बिचकलाय. खरा आहे, खरा आहे." त्यांचा चेहरा आनंदाने उजळला. मग हळूहळू तो पडत गेला. "पण मग गेली सहा वर्षं मी जी नाणी पास केली..."

वहिनींनी घड्याळजींकडे पाहिलं. ते जागचे हलले नाहीत, तेव्हा वहिनींनीच पेटी घेतली आणि पारखींच्या मांडीवर ठेवली.

"या अकरांत तुमची चूक झाली. भडक निळा तुम्हाला सौम्य दिसला. यांना ते कळलं. ज्यांनी ज्यांनी ती घेतली होती त्यांच्याकडून यांनी स्वतः ती परत घेतली, म्हणजे तुमच्या सहीकडे कुणी बोट दाखवणार नाही. आणि दोन वर्षं मागे लागून तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तुमच्या डोळ्यांत काय बिघडलंय, हे फक्त यांना माहीत होतं. लबाडाने तुमचा डोळा सुधारू दिला असता का?"

पारखींनी एकेक पाकीट उघडलं. प्रत्येक नाणं पाहिलं, प्रत्येक सही पाहिली. अकरावं पाकीट खाली ठेवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"डोळ्याला हात लावू नका, डॉक्टरांनी सांगितलंय," सूनबाई म्हणाल्या आणि स्वतःच्या पदराने त्यांचे गाल टिपले.

"मला का नाही बोललास रे?" पारखींनी विचारलं.

"बोललो असतो तर तुम्ही विचारलं असतंत, मग आता मी काय करू," घड्याळजी म्हणाले. "त्याचं उत्तर मला सापडत नव्हतं, गुरुजी."

"माझं चुकलं. फार चुकलं." पारखींनी पेटी बाजूला सरकवली. "आता विचारतो. मी काय करू?"

घड्याळजी पहिल्यांदाच दारातून आत आले आणि त्यांच्या पायाशी बसले. "उद्या परीक्षकाच्या खुर्चीत मी बसतो. शेजारच्या खुर्चीत तुम्ही बसा."

रविवारी सभेला वहिनी आणि भाऊजी शेवटच्या रांगेत होते. पारखींनी उभं राहून स्वतःच्या अकरा चुका एकेक करून सर्वांना दाखवल्या, त्या कुणी निस्तरल्या तेही सांगितलं, आणि ठरलेल्या खुर्चीत जाऊन बसले. कुणीतरी तपासायला पहिलं नाणं आणलं. घड्याळजींनी ते नीट पाहिलं आणि शेजारी सरकवलं. पारखींनी पाहिलं. मग दोघांनी एकाच वेळी मान डोलावली.