चातीवरचा गुंता

श्रीशैल केजच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा आणि दिसेल ते मोजायचा. लग्नातल्या पंगती, पोरांच्या जांभया, मामाचे म्हणजेच सासऱ्याचे सुस्कारे.

१९९६च्या उन्हाळ्यात मात्र पोटच्या पोरीचा हिशोब मांडायची वेळ आली. नऊ वर्षांची शिवांजली वाढतच नव्हती. उन्हात गेली की गाल भाजल्यासारखे लाल. पुण्याच्या डॉक्टरांनी एका पेशीतल्या गुणसूत्रांचा फोटो दिला. सगळे काळे-पांढरे पट्टे.

"डीएनएचे धागे सगळ्यांचेच तुटतात. सांधताना ते जोडीच्या धाग्यात अडकतात. तो तिढा नीट सोडवणारं एन्झाइम हिच्यात काम करत नाही, म्हणून धाग्यांची शेपटं अदलाबदल होतात; फोटोत तिथे काळ्याचं पांढरं दिसतं. पुढेमागे कॅन्सर..."

काळ्याचं पांढरं झालेल्या जागा श्रीशैलने मोजल्या. ब्याण्णव. निरोगी माणसात सात-आठ.

खतासाठी त्याच्या शेतात दरवर्षी मनकर्णाची मेंढरं बसत. साठीची ही मेंढपाळीण बांधावर चाती फिरवून लोकर कातत होती. शिवांजलीने तिला कौतुकाने फोटो दाखवला.

"लई गुंतलंय की गं! कावून कुनी सोडवलं न्हाई?"

"सोडवणारंच कुणी नाही तिच्यात, बाई," श्रीशैल कसनुसा हसला.

"मग मी हाय की."

तिच्या मांडीवर काळा आणि पांढरा धागा एकमेकांत अडकले होते. तिढ्यावर तिने दाताने तोडलं, टोकं थुंकीने ओली केली, उजव्या तळव्याने मांडीवर वळली. गाठ नाही.

"दोन रीतीनं तुटतं, मास्तर. एका रीतीनं धागं आपापल्या घरी. दुसऱ्या रीतीनं ह्याचं शेपूट त्याला, त्याचं ह्याला. जितं डोळा पोचत न्हाई, तितं कसं तुटंल सांगता येत न्हाई."

ते सूत तिने शिवांजलीच्या डाव्या मनगटाला गुंडाळलं. पोरगी डावखुरी, त्यावरून रोज जेवताना आईची, कावेरीची, बोलणी खायची.

दिवाळीनंतर पुन्हा रक्त दिलं.

सात.

"नमुना बदलला असेल," डॉक्टर म्हणाले. पुन्हा घेतलं. सात. गाल नितळ, उंची दोन बोटं जास्त. कावेरी देवघरात बसून पोटभर रडली.

मेंढरं तेव्हा तलवाड्याकडे होती. श्रीशैल नारळ आणि लुगडं घेऊन गेला. भर दुपारी मनकर्णा बाभळीखाली बसली होती, पदर तोंडावर ओढून; दिसत होता तेवढा गाल भाजल्यासारखा लाल.

"बाई, हे उपकार कसे फेडू..."

"पोरगी खेळती का उनात?"

"दिवसभर."

"मग झालं की!"

तिने नारळ घेतला. डाव्या हाताने. चातीही डाव्याच हातात होती.

"उजव्यानं कातायचं इसरलेच बघा," ती हसली.

घरी ताटं वाढली होती. "बघा तरी!" कावेरी हरखली. "मी सांगून थकले, आज आपोआप उजव्या हाताने जेवतेय!"

श्रीशैलने तलवाड्याच्या दिशेने हात जोडले. अगदी मनापासून.

जेवण झालं. शिवांजलीच्या फ्रॉकचे दोन दोरे लोंबत होते. तिने ते दाताने तोडले, टोकं थुंकीने ओली केली, उजव्या तळव्याने मांडीवर वळली.

श्रीशैलने गाठ शोधली. नव्हती.