सदतीस डिग्रीचा तास

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण संघप्रिया माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि ही पोरगी थापा मारायला कधी शिकलीच नाही.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. सोलापूरच्या एमआयडीसीत इंजेक्शनं बनवणारी एक कंपनी आहे. नाव सांगत नाही. तिथल्या लॅबमधल्या माजिदा मॅडम अचानक वारल्या आणि त्यांची खुर्ची त्यांच्या हाताखालच्या संघप्रियाला मिळाली.

इंजेक्शनात जिवाणूंचं विष आहे का, ते तपासायचं काम. काचेच्या नळ्यांत औषध आणि तपासणीचं रसायन घालून त्या सदतीस डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवायच्या, मग उलट्या करायच्या. विष असलं तर आत घट्ट जेली धरते. एका नळीत मुद्दाम विष घातलेलं असतं. तिच्यात जेली धरलीच पाहिजे. नाही धरली, तर टेस्ट बाद. आणि त्या तासात साधा धक्का लागला तरी जेली मोडते.

संघप्रियाची मोडायची.

रोज.

"माजिदा मॅडमचा हातच वेगळा होता की," लॅबचे मुख्य मल्लेश सर तिच्या तोंडावर म्हणायचे. तिचा नुसता जळफळाट व्हायचा. आपण मेलेल्या बाईचा हेवा करतोय याची लाज वाटायची, तरी करायची. शेवटी सरांनी सांगून टाकलं, "आता एकदा बाद गेली तर नोकरी गेली समज."

त्या दुपारी तिनं दाराला आतून कडी घातली आणि नळ्यांवर नजर ठेवून बसली.

एसीची घरघर थांबली...

कोपऱ्यातलं रिकामं स्टूल करकरलं...

मग टेबलाच्या कडेवर कुणीतरी दोन बोटं वाजवली. टक... टक...

काम सुरू करण्याआधी माजिदा मॅडम अशाच वाजवायच्या.

पाणी थरथरायला लागलं. संघप्रियाला रडू आलं, तेही रागाचं. दात आवळून ती म्हणाली, "मॅडम, टेस्ट तुमचीच. माझे नुसते हात."

थरथर थांबली.

वेळ झाल्यावर तिनं नळी उलटी केली... जेली जागची हलली नाही.

तेव्हापासून रोज हेच म्हणायचं. नोकरी टिकली. पण सर कौतुक करायचे ते असं, "अगदी माजिदा मॅडमसारखा हात!" तिला ते लई झोंबायचं.

मग बाळंतपणाची रजा. ती माढ्याला माहेरी गेली आणि तिच्या खुर्चीवर फिरदोस नावाची नवी पोरगी बसली. फिरदोसची पहिलीच टेस्ट बरोबर आली म्हणे. संघप्रियाला अन्न गोड लागेना. रोज दुपारी, तिकडं नळ्या पाण्यात असतील त्या वेळी, ती खाटेवर पडून एकच मागणं मागायची. मोडू दे तिची.

महिन्याभरानं फिरदोसचा रडत फोन आला.

"ताई, माझ्या नळ्या रोज मोडतात. आणि लॅबमध्ये दोन बायका कुजबुजतात... एक आवाज मला ओळखू येत नाही."

"आणि दुसरा?"

"तुमचा आहे, ताई."

परवा माढ्याला गेलो तेव्हा संघप्रियानं हे मला सांगितलं. बाळ मांडीवर झोपलं होतं. सांगता सांगता तिची दोन बोटं खाटेच्या कडेवर वाजत होती. टक... टक...

"हे काय करतेस गं?" मी विचारलं.

"कुठं काय?" ती म्हणाली.

बोटं थांबली नव्हती.