खिडकीवरचं दगडी तोंड

बसा जवळ. सोम्या माझा मावसभाऊ, जामसरचा. बोहाड्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या देवादिकांच्या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे कोरतो, म्हणून तर ते काम त्याच्याकडे आलं.

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना आडवाटेला साहेबाच्या काळातला एक दगडी बंगला होता. टोकदार कमानी, प्रत्येक खिडकीवर दगडात कोरलेलं माणसाचं तोंड. गॉथिक म्हणतात त्या घडणीला. बंगला पडायला आलेला. तो पाडण्याआधी त्याची लहानशी लाकडी प्रतिकृती करायची होती. नक्षी सोम्याकडे. ओली माती दगडावर दाबून साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचं, आणि ते समोर ठेवून बारीक तोंड कोरायचं.

यंदाच्या पौषातली अमावास्या, रविवार. अकरा तोंडं झाली होती, एक राहिलेलं. सोमवारी सकाळी भिंत पाडणार होते. दिवस मावळताना सोम्याने मोटारसायकल काढली, तशी त्याची बायको सरू आडवी आली.

"आज अवस आहे. नको जाऊ."

"एका तोंडासाठी काम अर्धं ठेवू? आत्ता येतो."

पोचला तेव्हा साडेसात वाजलेले. शिडी लावली, बॅटरी दातात धरली. ते तोंड दाढीवाल्या म्हाताऱ्याचं. ओठ गच्च मिटलेले. सोम्याने माती थापली, नाक बसवलं, दाढी बसवली. मग अंगठ्याने ओठांवर माती दाबली...

अंगठा आत गेला.

पेरभर. मग अख्खा.

बाहेरचा दगड गार. आत... ऊब.

त्याने हात ओढला. निघेना.

"कोण आहे?"

विचारायला सोम्याने तोंड उघडलं तशी दातातली बॅटरी खाली पडली. अंधार. रातकिडेसुद्धा गप्प.

मग कोणीतरी अंगठा चोखायला लागलं. हळूहळू... भुकेल्यासारखं.

दोन लेकरं वाढवलेला बाप तो. ते चोखणं त्याने ओळखलं. आपसूक शब्द निघाले.

"सोड रे बाळा... सोड."

...

सुटला.

साचा उराशी धरून तो घरी कसा आला, ते त्यालाही सांगता येत नाही. सकाळी भिंत उतरवली. सोम्याने तो दगड मजुरांकडून मुद्दाम फोडून घेतला. आतून भरीव. साधी चीरसुद्धा नाही.

इकडे सरूने साचा उजेडात धरला. नाक नीट, दाढी नीट. ओठांच्या जागी मातीत इवल्या दुधाच्या दातांचे ठसे होते. वरचे दोन, खालचे दोन.