ओवाळायचा राहिलेला तुकडा

लांबून परतलेल्या माणसावरून दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तो कशासाठी, हे तुम्ही कधी कोणाला विचारलंय का? मीही विचारलं नव्हतं.

१९४८ सालचा पंधरा ऑगस्ट. माझे यजमान किन्हीराजाच्या शाळेत मास्तर होते. संध्याकाळी झेंड्यापुढे लढाईत पडलेल्या शिपायांची नावं वाचायची आणि त्यांच्या आयांना नारळ-लुगडं द्यायचं, असं ठरलं होतं. सोजरबाईचा जगदेव चार वर्षांपूर्वी ब्रह्मदेशात मारला गेला. तार आली, देह आला नाही. म्हणून तिने कधी ते खरं मानलं नाही. तिला आणि सून रुख्मिणीला कार्यक्रमाला आणायचं काम दुपारी माझ्याकडे आलं.

सकाळपासून पावसाची झड लागली होती. रुख्मिणी दारातच उभी होती. कपाळावर कुंकू, ओठ पांढरे.

"बाई, आत नका येऊ," ती पुटपुटली. "सासूबाईनं त्याईले घरात घेतलं."

"कोणाला?"

आत चुलीपाशी सोजरबाई हसत भाकरी थापत होती. "मास्तरीन, माहा जगदेव आला व! गुरुजीले सांगजा, त्याचं नाव खोडा म्हना. जित्या मानसाचा नारळ कायले? अन् हे पाह्य, नवरा आला त तोंड पाडून उभी हाये!"

मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिथून ओल्या कांबळ्याचा आणि कुजलेल्या पाल्याचा वास येत होता. आत कोणीतरी खोकलं. मग दुसरं कोणीतरी. मग, अगदी दाराशी, तिसरं.

रुख्मिणीने माझा हात धरला. "पहाटे ते दारात उभे होते. म्या भाकरतुकडा आनाले गेली, तवर सासूबाईनं तसंच आत ओढलं... त्याईच्या मांगून जे आलं, तेबी आत आलं."

सोजरबाईचा हात परातीत थांबला.

"माय..." आतून आवाज आला. तो जगदेवचाच होता. "झाल्या का भाकरी?... याईले लय भूक लागली."

"कोन हायेत ते, बाप्पा?"

"याईच्या घरी कोनी सांगतलं नाही, माय... कोनी रडलं नाही... मले सोडत नाहीत."

दार थोडंसं उघडलं. फटीत बोटं दिसली. एकावर एक, खालपासून वरपर्यंत.

रुख्मिणीने भाकरीचा तुकडा मोडला. सोजरबाईने तिचं मनगट पकडलं. "नको व. तोबी जाईन."

"जाऊ द्या, सासूबाई... थकले ते."

मग सोजरबाईने तिच्या हातातून तुकडा घेतला. दारापुढे उभी राहिली, तीनदा ओवाळला आणि बाहेर पावसात फेकला.

आम्हा तिघींच्या अंगाला घासून काहीतरी बाहेर जात राहिलं. ते संपायला फार वेळ लागला. संपल्यावर रुख्मिणीने पदराने कपाळ पुसलं. त्या संध्याकाळी त्या दोघी शाळेत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई एकटीच आमच्याकडे आली. जगदेवचं नाव यादीत राहू द्या म्हणाली आणि त्याच्याखाली आणखी अकरा नावं सांगितली. वाशीमच्या पलीकडे कधी न गेलेली ती बाई. त्यातलं एकही नाव आमच्या मुलखातलं नव्हतं. प्रत्येक नावाआधी ती मागे वळून बघायची, ऐकल्यासारखी मान हलवायची, आणि मगच सांगायची.