लाल रंगाची फिल्म

"हळदीचे टी-शर्ट छापायचेत, ताई. चाळीस. पिवळे."

हातात हेल्मेट, भुवयांवर मुरबाड रस्त्याची धूळ. त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला.

शहापूरच्या एसटी स्टँडमागच्या प्रेसमध्ये मी छपाईसाठी आर्टवर्क तयार करते. बी.एस्सी.ला शिकलेली केमिस्ट्री शाईच्या कामी येते. मोबाइलवरचं चित्र धूसर होतं, दहा जणांनी पुढे ढकललेलं. तरी नावं वाचता येत होती. हिरव्या रंगात 'प्रज्वल', मधे लाल बदाम, शेजारी लाल रंगात 'कुणाली'.

कुणाली म्हणजे मी.

रविवारी मुरबाडचा कुणी प्रज्वल मला बघायला सापगावला आमच्या घरी येणार होता. माझा फोटो द्यायचा नाही, असं मीच घरात बजावलं होतं. आणि इकडे हळदीचे टी-शर्टसुद्धा!

"लग्न कधी?" मी सरळ आवाजात विचारलं.

"ठरायचंय अजून." तो लाजला. "रविवारी मुलगी बघायची. पण आमचे देवजीकाका म्हणतात, सीझनला छपाईवाले टाइम देत नाय."

"ती नाही म्हणाली तर?"

"भाताच्या लावणीला घालीन. चाळीस हायेत, जन्मभर पुरतील."

मला हसू आलं... ते मी कीबोर्डवर वाकून लपवलं.

"काय करते ती?"

"कॉम्प्युटरवर कायतरी काम हाय. लग्नानंतर सोडेल, काका म्हणाले."

"तिला विचारलं?"

हेल्मेट या हातातून त्या हातात गेलं. "नाय."

"बघा, प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म लागते. मी फक्त हिरवी करते. लाल, ती होय म्हणाल्यावर. शिवाय हा बदाम फार बारीक रेषेचा आहे. छपाईच्या जाळीवर धरणार नाही."

"मग अर्धी छाती रिकामी दिसंल!"

"दिसू दे. सध्या खरं तेवढंच आहे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "गिऱ्हाइकाशी भांडता तुमी, ताई."

"ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"शोधा."

शनिवारी तो नमुना न्यायला आला. पिवळ्या कापडावर एकटंच हिरवं नाव. घडी घालून पिशवीत टाकलं, तरी पाय दारातच.

"उद्या जावंसं वाटत नाय मला," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"का?"

"मन... दुसरीकडंच लागलंय."

माझ्या बोटांना शाई होती, ओढणीला पुसता येईना. बोटं नुसती मिटून धरली. "जा," मी म्हटलं. "तोंडावर सांगा तिला. तेवढा तिचा हक्क आहे."

रविवारी मी ट्रे न घेता बाहेर आले. नखांत हिरवी शाई तशीच होती. प्रज्वल ताडकन उभा राहिला, पोह्यांची बशी कलंडली.

"तुमी?"

"बस रे," देवजीकाका म्हणाले. मग बाबांकडे वळून, "पोरगी पसंत. काम तेवढं सोडायला लागंल. अरे प्रज्वल, टी-शर्ट दाखव की!"

पिशवीतून टी-शर्ट निघाला. काकांनी तो दोन्ही हातांनी फडकवला आणि थबकले. "हिचं नाव कुठाय?"

"तिला विचारलं नव्हतं, काका."

"मी काम सोडणार नाही," मी म्हणाले. आईनं माझा पदर ओढला. मी पुन्हा म्हणाले, "सोडणार नाही."

"मग हे स्थळ—" काकांनी सुरुवात केली.

"स्थळाचं ती ठरवंल," प्रज्वल म्हणाला, "पण ती अट मी काढली. काम चालू ऱ्हाणार. तिच्यासाठी म्हणून नाय... आपण चुकलो म्हणून."

"आणि चाळीस टी-शर्ट?"

"लावणीला घालीन."

सोमवारी सकाळी तो प्रेसच्या दारात उभा. आज हातात मोबाइल नव्हता.

"विचारायला आलोय," तो म्हणाला. "काकांना घरी ठेवून. तुमाला... मी चालंल का?"

मी खालून उजेड येणाऱ्या काचेवर हिरव्या रंगाची फिल्म ठेवली, ड्रॉवरमधून दुसरी काढून तिच्यावर धरली.

"चारही कोपऱ्यांतल्या जुळणीच्या फुल्या एकमेकींवर बसायला हव्यात. ते टोक धरा. हलू नका."

"मी हलत नाय," तो कुजबुजला.

फुल्या जुळल्या. त्याच्या नावाशेजारी माझं नाव आलं, तेवढ्याच उंचीचं.

"ही कधी केली?"

"शनिवारी. तुम्ही गेल्यावर." मी मान वर केली. "बदाम भरीव केलाय. आता धरेल."